मायक्रोवेव्हनं विरजण मरतं का? घरी करून बघा

"मॅडम, मायक्रोवेव्हमध्ये त्या किरणांनीच अन्नातला जीव जातो म्हणे." अकरावीच्या वर्गात दर वर्षी कुणीतरी हे विचारतंच. मी सांगलीत जीवशास्त्र शिकवते. नुसतं तोंडी उत्तर दिलं की मुलं मान डोलावतात आणि घरी गेल्यावर मोबाईलवर तोच मेसेज पुन्हा वाचतात. म्हणून आता मी त्यांना दही लावायला सांगते. एका रात्रीत उत्तर मिळतं.

आधी आपला ओव्हन कसा तापवतो ते बघून घ्या. फिरती काचेची थाळी आणि तिच्याखालची चाकांची रिंग काढा. मधल्या खुंटीवर एक खोल बशी उपडी ठेवा, म्हणजे वरची ताटली फिरणार नाही. त्या ताटलीत तीन-चार कच्चे उडदाचे पापड शेजारी शेजारी पसरा. सुरू करून काचेतून बघत राहा आणि पांढरे फुगलेले डाग दिसले की लगेच बंद करा. पापड सगळीकडे सारखा भाजत नाही. कुठे फुलतो, तर बोटभर अंतरावर कच्चाच राहतो. शेजारच्या डागांमधलं अंतर पट्टीनं मोजा, बऱ्याच ठिकाणी ते 6 सेंटीमीटरच्या आसपास येतं. ही अर्धी तरंगलांबी. लहरीची पूर्ण लांबी 12.2 सेंटीमीटर, कारण घरगुती ओव्हन 2450 मेगाहर्ट्झवर चालतो. मागच्या स्टिकरवर हा आकडा छापलेला असतो. एकाच वाटीत एक कोपरा चटका देणारा आणि दुसरा गार का लागतो, ते यावरून कळतं. पुढच्या प्रयोगात थाळी परत बसवायची आणि तापमान मोजण्याआधी दही ढवळायचं, ते यासाठीच.

आता विरजण. कालचं ताजं दही घ्या आणि काचेच्या किंवा चिनी मातीच्या चार वाट्यांत प्रत्येकी 50 ग्रॅम घाला. पहिली वाटी तशीच ठेवा.

दुसरी वाटी सैल झाकून, शेजारी एक कप पाणी ठेवून, पूर्ण पॉवरवर सलग 70 सेकंद चालवा. दही फुटून पाणी सुटेल, सुटू द्या. ढवळा, तापमान लिहून घ्या आणि दहा मिनिटं झाकून ठेवा.

तिसरी वाटी सगळ्यात महत्त्वाची. तिलाही जवळपास तेवढ्याच लहरी द्यायच्या, पण तापू द्यायचं नाही. 8 सेकंद चालवा, बाहेर काढा, बर्फाच्या पाण्यात धरून ढवळा, हाताला गार लागली की पुन्हा 8 सेकंद. असं बारा वेळा. बेरीज 96 होते, पण बटण दाबल्यावर मॅग्नेट्रॉनला, म्हणजे ओव्हनमधल्या लहरी तयार करणाऱ्या भागाला, तापायला दर वेळी दोन-तीन सेकंद लागतात, ते वाया जातात. शेजारचा पाण्याचा कप इथेही हवा, पाणी मधून मधून बदला. तापमान 40 अंशांच्या वर जाऊ देऊ नका. कंटाळवाणं काम आहे, पण इथे घाई केली तर प्रयोगाला अर्थ उरत नाही.

चौथी वाटी गॅसवर, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवून दुसरीच्या तापमानाला आणा आणि तशीच दहा मिनिटं झाकून ठेवा. चारही वाट्या गार होऊ द्या. तापवलेलं दूध 40 अंशांवर आलं की पाच भांड्यांत 100-100 मिलिलिटर ओता. चारांत एकेक चमचा विरजण घाला, प्रत्येकाला वेगळा धुतलेला चमचा. पाचव्यात काहीच घालू नका. नावं चिकटवा आणि रात्रभर उबेला ठेवा.

दही लागेपर्यंत थोडं रसायनशास्त्र. या लहरीच्या एका कणाची ऊर्जा साधारण 0.00001 इलेक्ट्रॉनव्होल्ट (अतिसूक्ष्म ऊर्जा मोजायचं एकक). कार्बन-कार्बन बंध तोडायला सुमारे 3.6 लागतात, म्हणजे साडेतीन लाख पटींहून जास्त. लहर बंध तोडत नाही, ती पाण्याच्या रेणूंना हलवते आणि त्यातून उष्णता तयार होते. बर्फात रेणू जखडलेले असतात, म्हणून फ्रीझरमधला कोरडा खडा शेजारच्या पाण्यापेक्षा फार हळू तापतो. 1986 साली कॅनडा आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी घरगुती ओव्हन वापरून दाखवलं, की तासन्‌तास चालणाऱ्या काही अभिक्रिया मिनिटांत होतात. बंद नळीत द्रावण उत्कलनबिंदूच्या वर तापत होतं. तसं करताना नळ्या फुटतातही, म्हणून प्रयोगशाळांत आज त्यासाठी वेगळी, दाब सांभाळणारी यंत्रं असतात. घरच्या ओव्हनमध्ये स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर, कसलंही रसायन ठेवू नका. सालासकट अंडं नको. गुळगुळीत कपातलं नुसतं पाणी जास्त वेळ तापवू नका, ते न उकळता शंभराच्या वर जातं आणि हलवताच उसळतं.

आणि मुंग्या, झुरळं आत ठेवून बघू नका. मुलं विचारतात, मी ठाम नाही म्हणते. जिवंत ऊतींचं काय होतं हे कळायला डोळ्याचं भिंग पुरेसं आहे. त्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे आलेली उष्णता वाहून नेता येत नाही आणि तीव्र लहरींनी मोतीबिंदू होऊ शकतो. दाराचं कुलूप ढिलं झालेला किंवा जाळी फाटलेला ओव्हन वापरायचा नाही, तो याच कारणानं.

सकाळी भांडी उघडण्याआधी प्रत्येकानं आपला अंदाज वहीत लिहायचा. मग एकेक भांडं तिरपं करा. आमच्या वर्गात पहिल्या आणि तिसऱ्या वाटीच्या विरजणाचं दही घट्ट लागलं होतं. दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या भांड्यातलं दूध मात्र दूधच राहिलं होतं.