भूकंपाचा उगम गणितात मांडताना

भूकंपाचा उगम आणि त्यातून निघणारे तरंग यांचे गणिती प्रारूप करायला शिकू इच्छिणारे विद्यार्थी बहुधा पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचाच विचारतात. माझ्या अनुभवावरून मी त्यांना सांगतो की, ज्या प्रश्नाचे उत्तर कागदावर काढता येते असा एक तरी प्रश्न स्वतःच्या हाताने पूर्ण सोडवल्याशिवाय संगणकाकडे वळू नये. हा क्रम मी पाळला नाही आणि त्यात माझे जवळजवळ एक सत्र गेले.

मी कोयना धरणाजवळच्या पाटण तालुक्यातला, त्यामुळे जमीन हालणे हा आमच्या घरात नेहमीच्या बोलण्यातला विषय होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झालेल्या कोयनेच्या भूकंपाच्या आठवणी आजीकडून ऐकतच मी वाढलो. पुढे भौतिकशास्त्राची पदवी घेऊन भूभौतिकीकडे वळल्यावर आमच्या मार्गदर्शकांनी पहिल्याच आठवड्यात त्याच भूकंपाचे गणित करायला दिले. उगमाचा आकार सांगणारी मूळ राशी म्हणजे भूकंपाचे आघूर्ण. खडकाचा दृढता गुणांक (आकार बदलायला खडक किती विरोध करतो ते सांगणारा आकडा), प्रस्तरभंगाच्या, म्हणजे ज्या भेगेवर खडक एकमेकांवरून सरकतात तिच्या, घसरलेल्या भागाचे क्षेत्रफळ आणि सरासरी घसरण यांचा तो गुणाकार असतो. केइती आकी यांनी १९६६ मध्ये जपानमधील नीगाता भूकंपासाठी ही राशी प्रथम काढली. कोयनेच्या ६.३ या परिमाणाला सुमारे ३.५ गुणिले १० चा १८ वा घात इतके न्यूटन-मीटर आघूर्ण येते. दृढता गुणांक ३० गिगापास्कल आणि घसरलेला भाग २० किलोमीटर लांब व १० किलोमीटर रुंद धरला, तर सरासरी घसरण ६० सेंटीमीटरच्या आसपास निघते. जिच्याविषयी लहानपणापासून ऐकले होते ती घटना हातभर लांबीच्या एका सरकण्यात मावते, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले.

यानंतरचा टप्पा बलांचा आहे आणि नवे विद्यार्थी इथेच सर्वाधिक अडखळतात. जमिनीच्या आत बाहेरून कोणी ढकलत नाही, म्हणून उगमाच्या जागी असणाऱ्या बलांची बेरीज शून्य हवी आणि त्यांचा एकूण फिरवणारा परिणामही शून्य हवा. या दोन्ही अटी पाळायच्या तर परस्परांना लंब अशी दोन बलयुग्मे (समान व विरुद्ध बलांच्या जोड्या) लागतात; यालाच द्वियुग्म म्हणतात. एकच युग्म की दोन, हा वाद कित्येक दशके चालला, कारण आधी पोहोचणाऱ्या, खडक दाबत-ताणत जाणाऱ्या पी तरंगांचा चार पाकळ्यांचा आकृतिबंध दोन्हींत सारखाच येतो आणि फरक फक्त मागून येणाऱ्या, खडक आडवा हलवणाऱ्या एस तरंगांत दिसतो. १९६३ मध्ये मारुयामा यांनी आणि १९६४ मध्ये बरिज व नॉपॉफ यांनी प्रस्तरभंगावरील घसरण ही द्वियुग्माशी समतुल्य असते हे गणिताने दाखवून दिले. मात्र याच सममितीमुळे तरंगांच्या आकृतिबंधावरून दोन लंब प्रतले मिळतात आणि त्यांतले प्रत्यक्ष घसरलेले कोणते हे, उगम एका बिंदूत आहे असे मानणारे समीकरण सांगू शकत नाही. कोयनेच्या बाबतीत दोनाचीवाडा परिसरात जमिनीला पडलेल्या उत्तर-ईशान्य दिशेच्या भेगांनी तो निर्णय दिला.

आणखी एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. दूरवरच्या स्थानकावर दिसणारे विस्थापन आघूर्णाच्या आकाराचे नसते, ते आघूर्ण बदलण्याच्या वेगाच्या आकाराचे असते. घसरण पायरीसारखी चढून थांबते आणि दूरचा आलेख टेकडीसारखा उठून पुन्हा शून्यावर येतो.

तयारीबाबत थोडक्यात सांगायचे तर सदिश कलन, फूरिए रूपांतर आणि आंशिक विकल समीकरणे पक्की असावीत. आयआयटी मुंबईत उपयोजित भूभौतिकीची एम.एस्सी. करता येते आणि पुढील संशोधनासाठी हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था (एनजीआरआय) ही मोठी संस्था आहे. पायथॉन या संगणकभाषेतील ऑब्सपाय हे भूकंपनोंदी हाताळण्याचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि जगभरच्या अनेक स्थानकांच्या खऱ्या नोंदी त्यातून थेट उतरवून घेता येतात.

आता माझ्या वाया गेलेल्या सत्राविषयी. वर सुमारे एक किलोमीटर जाडीचा बेसॉल्ट, खाली ग्रॅनाइट आणि पाच किलोमीटर खोलीवर द्वियुग्म असे प्रारूप मी संगणकात ३०० मीटरच्या जाळीवर, म्हणजे दर ३०० मीटरला एक गणनबिंदू ठेवून, चालवले. आलेखात एस तरंगामागून बारीक लहरींची लांबच लांब शेपटी आली. त्या बेसॉल्टच्या थरात अडकलेल्या लहरी आहेत असे मानून मी अहवालाचे एक प्रकरणच लिहून काढले. मार्गदर्शकांनी ते वाचले आणि थर काढून टाकून सलग, अमर्याद खडकात तेच प्रारूप चालवायला सांगितले, कारण अशा माध्यमातल्या बिंदुबलाचे उत्तर स्टोक्स यांनी १८४९ मध्येच काढलेले आहे आणि द्वियुग्माचे उत्तर त्यावरून मिळते. थर नव्हता, तरीही शेपटी तशीच होती. बेसॉल्टमध्ये एस तरंगांचा वेग सेकंदाला ३ किलोमीटर आणि माझी कमाल वारंवारता ३ हर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी एक किलोमीटर, आणि तिच्यावर माझ्या जाळीचे जेमतेम तीन बिंदू पडत होते. मी वापरलेल्या दुसऱ्या कोटीच्या (कमी अचूकतेच्या) पद्धतीला निदान दहा लागतात. बिंदू कमी पडले की वेगवेगळ्या वारंवारतांच्या लहरी जाळीत वेगवेगळ्या वेगाने धावतात आणि मागे रेंगाळणाऱ्या लहरी खऱ्या भासतात.

जाळी १०० मीटरची केली तेव्हा काळाची पायरीही, म्हणजे लागोपाठच्या दोन गणनांमधला वेळ, लहान करावी लागली. ग्रॅनाइटमधला पी तरंग १०० मीटर अंतर ०.०१७ सेकंदात कापतो आणि पायरी त्याहून बरीच लहान नसेल तर आकडे फुगत जाऊन गणित कोसळते. ६० बाय ६० बाय ३० किलोमीटरच्या ठोकळ्यात सुमारे ११ कोटी बिंदू झाले आणि प्रत्येक बिंदूवरच्या नऊ राशी (वेग आणि ताण यांचे घटक) साठवायला जवळजवळ चार गिगाबाइट स्मृती लागली. संगणकाचा आलेख आणि कागदावरचे उत्तर एकावर एक बसले, तेव्हाच मी बेसॉल्टचा थर परत घातला. या वेळी एस तरंगामागे दोनच क्षीण लहरी उरल्या. त्यांच्यातले अंतर ०.६७ सेकंद होते. थरातून एस तरंगाला वर जाऊन खाली यायला बरोबर तेवढाच वेळ लागतो.