विमानतळाजवळ छोटं विमान उडवताय? सर्किटमधल्या या चुका टाळा

सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगाव विमानतळाच्या आभाळात ट्रेनिंगची छोटी विमानं फिरताना बघायची मुतगा, होनिहाळ, बाळेकुंद्रीच्या लोकांना आता सवय झालीय, आणि आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरंपण आता सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, करायला लागलीत, कुणी इथं, कुणी बारामतीला, कुणी परदेशात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय. दोन विमानं हवेत आदळतात ती ढगात नाहीतर रात्री, असं बऱ्याच जणांना वाटतं, पण छोट्या विमानांच्या बहुतेक टकरी दिवसा, चांगल्या हवेत आणि विमानतळाच्या जवळच होतात, कारण उतरायच्या आधी धावपट्टीभोवती जी ठरलेली चौकोनी फेरी मारतात, म्हणजे सर्किट, तिथं सगळे एका रांगेत, एकाच उंचीवर येतात. 8 जुलै 2025 ला कॅनडात स्टाइनबाखजवळ लँडिंगचा सराव करणारी दोन शिकाऊ विमानं धडकली, दोन्ही पायलट गेले, त्यातला एक पोरगा केरळचा होता.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रेडिओवर ऐकलं की मनात चित्र तयार करायचं आणि मग बाहेर बघणं कमी करायचं. 18 ऑगस्ट 2022 ला कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिलला काय झालं बघा. तिथं टॉवर नाही, सगळे एकाच फ्रीक्वेन्सीवर स्वतःची जागा सांगतात. एक सेसना 152 सर्किटमध्ये होतं आणि मागनं दोन इंजिनांचं सेसना 340 सरळ फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर, खूप वेगात येत होतं, दोघंही बोलत होते, तरी धडकले आणि तीन माणसं गेली. म्हणून कुणी ‘लाँग फायनल’, म्हणजे लांबून सरळ येतोय, म्हटलं की ते किती वेगानं येतंय हा विचार आधी करा. आपल्याकडं टॉवर आहे हे खरं, पण एटीआरसारखं पंख्याचं प्रवासी विमान किंवा जेट मागनं येत असेल तर सेसनाच्या साठ-पासष्ट नॉटला (एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल, साधारण 1.85 किलोमीटर) ते केव्हाच गाठतं.

आता बेसवरचा, म्हणजे फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्यावरचा टर्न. डाव्या सर्किटमध्ये बेसवर असताना धावपट्टी डावीकडं असते म्हणून सगळ्यांची मान डावीकडंच असते, आणि सरळ फायनलवर येणारं विमान नेमकं उजव्या बाजूनं येतंय! फायनलला वळायच्या आधी उजवीकडं पूर्ण बघा, वर आणि खालीपण. सेसना 172 चा पंख वर असल्यामुळं वळताना आतल्या बाजूचं आभाळ पंखाखाली झाकलं जातं, तेव्हा वळायच्या आधी तो पंख जरासा उचलून तिकडं नजर टाका, मगच वळा. पंख खाली असलेलं विमान वर आणि पंख वर असलेलं खाली, दोघंही फायनलवर उतरतायत, तर एकमेकांना अजिबात दिसत नाहीत.

बाहेर बघतो म्हणजे नजर सर्रकन फिरवतो, असं करू नका. डोळा फिरत असताना त्याला बारीक काही दिसत नाही, म्हणून साधारण 10 अंशाचा एकेक तुकडा घेऊन तिथं निदान एक सेकंद थांबायचं. काचेवर जे विमान सरकतंय ते सहसा धडकत नाही, जे एकाच जागी राहून मोठं होत चाललंय ते तुमच्यावरच येतंय. हिशोब करा: तुम्ही 90 नॉट, समोरचा 120, तर एक नॉटिकल मैल संपायला 17 सेकंद लागतात आणि दिसल्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत अमेरिकेच्या एफएएनं, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक खात्यानं, 12.5 सेकंद धरलेत. मग उरतंय काय?

सांबऱ्याची धावपट्टी 08/26, म्हणजे जवळपास पूर्व-पश्चिम, तेव्हा सकाळी 08 वर (पूर्वेकडं तोंड करून) आणि संध्याकाळी 26 वर (पश्चिमेकडं) उतरताना सूर्य सरळ डोळ्यात येतो. ऊसतोडीच्या दिवसांत पाचट पेटवतात त्याचा धूर सकाळी खाली पसरून राहतो, त्यात पांढरं विमान शोधणं लई अवघड. लँडिंग लाइट चालू ठेवा. आणि जागा सांगताना नुसतं ‘कारखान्यावर आहे’ म्हणू नका, या जिल्ह्यात साखर कारखाने कितीतरी आहेत, दिशा, अंतर आणि उंची सांगा.

टॉवर क्यूएनएच, म्हणजे उंचीमापकात लावायचा हवेचा दाब, सांगतो तो परत म्हणून दाखवायला कंटाळू नका, 1018 च्या जागी 1008 लावलं तर उंचीत जवळपास 300 फुटांचा फरक पडतोय.

टीकॅसच्या, म्हणजे टक्कर होऊ नये म्हणून इशारा देणाऱ्या यंत्राच्या, भरवशावरही राहू नका. 1996 च्या चरखी दादरीच्या टकरीनंतर आपल्याकडं मोठ्या विमानांना ते सक्तीचं झालं, ट्रेनिंगच्या विमानांत सहसा नसतं. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडं वळायचं, आडवं येणारं विमान तुमच्या उजवीकडं असेल तर वाट तुम्ही द्यायची, आणि ओव्हरटेक करायचं तर त्याच्या उजव्या बाजूनं. सर्किटमध्ये मात्र आपला नंबर सोडून कुणाच्या पुढं घुसायचं नाही.

टॉवरनं ट्रॅफिक, म्हणजे जवळचं दुसरं विमान, सांगितलं आणि दिसलं नाही, तर लाजेखातर ‘इन साइट’ (दिसलं) म्हणून मोकळं होऊ नका, सोलोवाली, म्हणजे एकटं उडवणारी पोरं हे करतात आणि मला याची फार भीती वाटते. एकदा ‘इन साइट’ म्हटलात की त्याच्यापासून लांब राहायची जबाबदारी तुमच्यावर येऊन पडू शकते. सरळ ‘निगेटिव्ह कॉन्टॅक्ट’ (दिसत नाही) म्हणा, ते कुठं आहे परत विचारा, आणि ते दिसेपर्यंत किंवा टॉवर सांगेपर्यंत बेसला वळू नका.