काचेवर आदळून पडलेल्या पक्ष्याला सावरू कसं द्यावं

धाडकन आवाज होतो. काचेवर पिसांचा पांढुरका ठसा, खाली फरशीवर गोळा होऊन बसलेला पक्षी. पुण्यात टेकडीला लागून असलेल्या आमच्या सोसायटीत हे वर्षातून चार-पाचदा होतंच. तांबट, बुलबुल, खंड्या आणि पाऊस तोंडावर आला की नवरंग. नवरंग रात्रीचा प्रवास करतो, पहाटे दमून शहरात उतरतो आणि काचेत दिसणाऱ्या झाडात शिरायला जातो.

उचलणं सोपं. अंगावर हलका नॅपकिन टाका, पंख अंगालगत ठेवून दोन्ही हातांनी उचला. छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छाती हलली तरच श्वास चालतो. खंड्याची चोच आणि शिक्र्याच्या नख्या सांभाळा. बुटांच्या खोक्याला दाभणाने भोकं पाडा, तळाला जुनं सुती फडकं घाला, पक्षी आत ठेवून झाकण लावा. भोकं आधी पाडायची, पक्षी मग ठेवायचा. हे सांगावं लागतं, कारण उलटं करणारे भेटलेत.

आता अवघड भाग: काहीही न करणं.

पहिला तांबट मिळाला तेव्हा मी त्याला ड्रॉपरने पाणी पाजलं. त्याने चोच उघडली, मला वाटलं प्यायला. मग घशातून बारीक बुडबुड आली, चोचीभोवतीचे राठ केस ओले झाले आणि पाच मिनिटांत त्याने मान टाकली. डोक्याच्या मारानेच गेला असेल, अशी बरेच दिवस मनाची समजूत घालत होतो. पण पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. शुद्धीवरचा पक्षी गिळताना ते मिटून घेतो, गुंगीतल्याला ते जमेलच असं नाही. पाणी थेट फुप्फुसात जातं. तेव्हा पाणी नाही, ग्लुकोज नाही, हळद नाही, भाताची शितं नाहीत. ‘दोन थेंबांनी काय होतंय’ म्हणणाऱ्या काकांना चहा द्या आणि खोक्यापासून लांब बसवा.

दुसरा मोह झाकण उचलून बघण्याचा. आपल्याला ती काळजी वाटते. पक्ष्याला मात्र वरून वाकलेला चेहरा म्हणजे शिकारीच. त्याला अंधार हवा असतो, कारण अंधारात तो धडपडत नाही. एकदा ग्रुपवर फोटो टाकायला मी झाकण बोटभर उघडलं, तर बुलबुल सुटला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवर परत आपटला. तेव्हापासून झाकणाला दोरी बांधतो. खोकं शांत खोलीत ठेवा. टीव्ही बंद, ऊन नको, एसी नको. उघडून बघू नका, कान द्या. आधी काहीच ऐकू येणार नाही. मग पुठ्ठ्यावर नखांची खरखर, मग फडफड. लहान पक्ष्याला याला अर्धा तास लागतो, कधी दोन तास.

फडफड ऐकू आली की खोकं झाडापाशी न्या, त्याच काचेसमोर नको. झाकण उघडा, मागे सरका. हवेत उडवू नका. पाच मिनिटांत गेला नाही तर झाकण परत लावा. अंधार पडला असेल तर सकाळी सोडा. घुबड असेल तर रात्रीच.

पंख लोंबतोय, रक्त येतंय, मान वाकडी झालीय, चोच उघडी टाकून धापा टाकतोय किंवा दोन तासांनीही नीट बसता येत नाही, तर वाट बघू नका. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. मांजराने तोंडात धरला असेल तर जखम दिसत नसली तरी हेच. दाताची खोच पिसांखाली दिसत नाही आणि लाळेतले जंतू पुढे जीव घेतात. ‘बरा होईपर्यंत पिंजऱ्यात ठेवू’ हा विचार सोडा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो दयाळू माणसांनाही लागू होतो.

खिडकीवर ससाण्याचं एक स्टिकर चिकटवून काही होत नाही, पक्षी बाजूच्या मोकळ्या काचेवर आदळतो. मी बाहेरच्या बाजूने चार-चार इंचांवर उभ्या दोऱ्या सोडल्यात. गेल्या जूनमध्ये आमच्या खिडकीखाली काही पडलं नाही. शेजारच्या विंगमधून मात्र दोनदा खोकं मागायला आले.