ब्लीच केलेले केस परत काळे करायचेत? आधी केशरी करा

माझ्या धाकट्या बहिणीने कॉलेजात असताना केस पार पिवळे होईपर्यंत ब्लीच केले होते, मग साखरपुडा ठरल्यावर घरीच घाईघाईत वरून ॲश ब्राऊन लावला, पहिल्या दिवशी छान दिसला पण तिसऱ्यांदा केस धुतले तर टोकं चक्क शेवाळी! खूप रडली ती. म्हणून हे नीट लिहितेय.

होतं काय, आपल्या काळ्या केसात आत लाल-केशरी रंग दडलेला असतो आणि ब्लीच तोही काढून टाकतं, उरतो नुसता फिका पिवळा. ॲश म्हणजे निळसर-हिरवट झाक. पिवळ्यावर निळं पडलं की हिरवंच होणार ना. त्यामुळे गेलेला लाल आधी परत भरायचा, पार्लरवाल्या याला फिलर म्हणतात.

सगळ्यात आधी कानामागे थोडा डाय लावून 48 तास थांबा. पीपीडीची (गडद डायमध्ये असणारं एक रसायन) ॲलर्जी असेल तर चेहरा सुजतो, आणि काळी मेंदी म्हणून मिळते तिच्यातही बऱ्याचदा पीपीडी असतंच, तेव्हा हे टाळू नका प्लीज. मानेजवळच्या आतल्या एका बटेवर दोन्ही रंग, म्हणजे आधी फिलरचा आणि त्यावर गडद, लावून पण बघा.

मग फिलरसाठी कॉपर (तांबूस) शेडचा डेमी-परमनंट, म्हणजे हळूहळू उतरणारा रंग घ्या आणि डेव्हलपर (रंगात मिसळायचं पेरॉक्साइड) 10 व्हॉल्यूम म्हणजे 3 टक्केवाला, त्याहून जास्त नको, केस आधीच थकलेत आणि आपल्याला रंग काढायचा नाहीये. फक्त ब्लीच झालेल्या भागाला लावा, काळी मुळं सोडून द्या. पाकिटावरचा वेळ झाला की शाम्पू न लावता नुसतं धुवा. केस केशरी दिसतील, घाबरू नका, तेच हवंय.

टॉवेलने टिपून आता गडद रंग. इथे माझं ठाम मत, 1 नंबरचा काळा घेऊच नका. ब्लीचचे केस रंग शोषून घेतात, त्यामुळे 4 नंबरचा नॅचरल ब्राऊनसुद्धा पाकिटावरच्यापेक्षा गडद येतो, आणि काळा एकदा बसला की काढायला बहुतेक वेळा परत ब्लीचच लागतं. दर पाच मिनिटांनी एक बट पुसून बघत राहा.

मेंदीवाल्यांसाठी पण हेच, आधी शुद्ध मेंदी, ती धुऊन मग नीळ (नीळीच्या पानांची पूड, कपड्यांची नीळ नव्हे). पिवळ्या केसांवर नुसती नीळ लावली तर हिरवट-निळं होतं. फक्त पाकिटात मेंदीच्या पानांशिवाय काही नाही ना ते वाचा, धातूचे क्षार असलेल्या मेंदीवर नंतर डेव्हलपर लागला तर केस गरम होऊन तुटतात.

नंतर तीन दिवस शाम्पू नको, पुढे सल्फेट नसलेला वापरा आणि पाणी कोमटच. टोकांचा रंग लवकर उतरतो, तेव्हा दोन-तीन आठवड्यांनी तिथे परत एक हात द्यावा लागेल, म्हणजे कार्यक्रम असेल तर महिनाभर आधी सुरुवात करा.