शिक्षेचे इंग्रजी शब्द वापरताना या चुका टाळा

मराठीत ‘शिक्षा’ हा एकच शब्द घरापासून कोर्टापर्यंत चालतो. गृहपाठ केला नाही म्हणून अंगठे धरून उभं केलं, तीही शिक्षा आणि खुनाबद्दल जन्मठेप झाली, तीही शिक्षाच. त्यामुळे इंग्रजीत लिहायची वेळ आली की हात आपोआप ‘पनिश’कडे जातो, नाहीतर कोशात शेजारी दिलेला एखादा भारदस्त शब्द उचलला जातो. दोन्हीकडे घोटाळा होतो. शिक्षा कोणी केली, ती अंगाला लागली की खिशाला, नावाला की नोकरीला, आणि ती कशासाठी होती, हे इंग्रजीत बरंचसं क्रियापदातच येतं. बातमी असो, ऑफिसातला मेमो असो की स्पर्धा परीक्षेचा पेपर, आपण कुणाच्या तरी अब्रूबद्दल लिहीत असतो. तिथे शब्द अंदाजाने वापरून चालत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो चॅस्टाइज, चेसन आणि कॅस्टिगेट या तिघांत. तिन्ही शब्द एकाच लॅटिन क्रियापदापासून आले आहेत आणि त्याच्या मुळाशी ‘शुद्ध, निर्मळ’ असा अर्थ आहे. शिक्षा करून माणसातला दोष काढून टाकायचा, ही त्यामागची जुनी कल्पना. पण आज तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आहेत.

कॅस्टिगेटमध्ये आता छडी नाही, दंड नाही आणि तुरुंगही नाही. आहेत ते शब्द, तेही जळजळीत आणि बहुतेकदा चारचौघांत. आपल्या वर्तमानपत्रांत ‘हायकोर्टाने महापालिकेवर ताशेरे ओढले’ असं छापून येतं, तिथे कॅस्टिगेट चपखल बसतं. ‘शिक्षकांनी त्याला छडीने कॅस्टिगेट केलं’ हे वाक्य मात्र आजच्या इंग्रजी वाचकाच्या कानाला खटकेल. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून हळू आवाजात समज दिली, तर त्यालाही कॅस्टिगेट म्हणू नका. तो शब्द फार मोठा होतो.

चॅस्टाइजचा मूळ अर्थ मार देऊन सुधारणं असा. जुन्या इंग्रजीत तो अर्थ सर्रास भेटतो. आज तो बराचसा कानउघाडणीवर आला आहे, पण मोठ्याने लहानाला ताळ्यावर आणण्याची छटा सुटलेली नाही. म्हणून ‘विरोधी पक्षाने पंतप्रधानांना चॅस्टाइज केलं’ असं लिहिलं, तर बोलणारा स्वतःला वडीलधारा समजतो आहे असाही वास येतो. तसं म्हणायचं नसेल, तर ‘क्रिटिसाइज’ हा साधा शब्द पुरतो.

चेसनचं तंत्र निराळंच आहे. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये परमेश्वर ज्याच्यावर प्रेम करतो त्याला चेसन करतो, म्हणजे दुःखातून घडवतो. आजच्या वापरात हे काम बहुतेक वेळा माणसाऐवजी प्रसंग करतो. निवडणुकीतला पराभव, धंद्यातली खोट, जिवावर बेतलेलं आजारपण, यातून माणूस नरमतो, त्याचा ताठा उतरतो. अशा माणसाला चेसन्ड म्हणतात. उशिरा आलेल्या मुलाला मुख्याध्यापकांनी चेसन केलं, हे वाक्य म्हणूनच अवघडल्यासारखं वाटतं. मुख्याध्यापक रागावू शकतात, शिक्षा देऊ शकतात. मुलगा त्यातून काही शिकला, मऊ झाला, तरच तो चेसन्ड.

डिसिप्लिनमध्ये चूक होते ती शब्दाच्या जागेमुळे. ‘ए डिसिप्लिन्ड ऑफिसर’ म्हणजे शिस्तीचा, वक्तशीर अधिकारी. ही स्तुती झाली. ‘द ऑफिसर वॉज डिसिप्लिन्ड’ म्हणजे त्या अधिकाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली. शब्द तोच, पण दुसऱ्या वाक्याने त्याच्या नोकरीवर डाग लागतो. इंग्रजीतून मराठी करणाऱ्यांनी इथे फार जपायला हवं, कारण ‘त्याला शिस्त लावण्यात आली’ असं भाषांतर सर्रास दिसतं आणि त्यातून वाचकाला काहीच कळत नाही.

या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या शिष्य या अर्थाच्या शब्दात आहे. आपल्याकडेही शिष्य आणि शासन एकाच ‘शास्’ धातूचे, आणि शिक्षा व शिक्षण हीही एकाच कुळातली. शिकवणं आणि शासन करणं दोन्ही परंपरांत इतकं जवळ आहे, याचं मला नेहमी नवल वाटतं.

कायदा मात्र पनिशमेंट आणि डिसिप्लिन यांत फरक करतो. शिक्षणहक्क कायदा, २००९ चं कलम १७ पाहा. मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक छळही करायचा नाही, असं ते सांगतं. हा नियम मोडणाऱ्याबद्दल त्याच कलमात ‘डिसिप्लिनरी अ‍ॅक्शन’ असा शब्दप्रयोग आहे, ‘पनिशमेंट’ नाही. मुलाच्या अंगाला लागते ती पनिशमेंट, आणि शिक्षकावर सेवानियमांनुसार होते ती शिस्तभंगाची कारवाई. शारीरिक शिक्षेला इंग्रजीत कॉर्पोरल पनिशमेंट म्हणतात. कॅपिटल पनिशमेंट म्हणजे फाशी. हे दोन शब्द उलटेपालटे झाले, तर अनर्थ होतो.

पनिश आणि पेनलाइज यांतला फरक क्रिकेटने छान समजतो. यष्टिरक्षकाच्या मागे जमिनीवर ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला, तर फलंदाजी करणाऱ्या संघाला ५ पेनल्टी धावा मिळतात. इथे कुणी पाप केलेलं नसतं. नियमाप्रमाणे तोटा सोसायचा, एवढंच. २०१८ मध्ये केपटाउन कसोटीत चेंडू कुरतडल्याच्या प्रकरणी क्रिकेट ऑस्ट्रेलियाने स्टीव्ह स्मिथ आणि डेव्हिड वॉर्नर यांच्यावर १२ महिन्यांची बंदी घातली, ती पनिशमेंट होती, कारण तिथे अपराध होता, लाज होती. पेनलाइजमध्ये दोषाचा भाग नसला तरी चालतो. म्हणून बाळंतपणाच्या रजेमुळे बढती हुकलेल्या बाईबद्दल ‘शी वॉज पेनलाइज्ड’ हेच लिहावं. पनिश्ड लिहिलं, तर कुणीतरी जाणूनबुजून सूड उगवला असा अर्थ होतो. तसं खरंच घडलं असेल, तर जरूर तेच लिहा.

सँक्शनपासून तर सावधच राहा. बँकेने कर्ज सँक्शन केलं म्हणजे मंजूर केलं. संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये इराकवर सँक्शन्स घातली म्हणजे निर्बंध लादले. नाम आणि क्रियापद, दोन्ही रूपांत हे दोन्ही विरुद्ध अर्थ चालतात. ‘बोर्डाने ठेकेदाराला सँक्शन केलं’ हे वाचून त्याला काम मिळालं की दणका बसला, हे कुणाला सांगता येईल? अशा जागी अप्रूव्ह किंवा पेनलाइज असा उघड शब्द वापरावा.

रिप्रिमँड म्हणजे वरच्या माणसाने दिलेली अधिकृत ताकीद. सेन्शर म्हणजे ठपका, आणि सरकारी नोकरीत तो सौम्य का होईना, पण शिक्षेतच मोडतो व नोंदीत राहतो. सेन्शर आणि सेन्सॉर एक नव्हेत. सेन्सॉर कात्री लावतो. सस्पेन्शनबद्दलही तेवढीच काळजी हवी. चौकशी पूर्ण होईपर्यंत केलेलं निलंबन ही शिक्षा नसते. रिमूव्हल आणि डिसमिसल दोन्हींत नोकरी जाते, पण नुसतं सेवेतून काढून टाकलेल्याला पुन्हा सरकारी नोकरीचं दार बंद नसतं. बडतर्फ केलेल्याला ते सहसा बंद होतं. एका शब्दावर माणसाचं पुढचं आयुष्य ठरतं, आणि आपण ‘टर्मिनेट’ लिहून मोकळे होतो.

इम्पीच म्हणजे पदावरून काढणं, हाही असाच पसरलेला गैरसमज. अमेरिकेत प्रतिनिधिगृह आरोप ठेवतं, ते इम्पीचमेंट. निकाल सिनेट देतं. डोनाल्ड ट्रम्प २०१९ आणि २०२१ मध्ये, असे दोनदा इम्पीच झाले आणि दोन्ही वेळा सिनेटमध्ये निर्दोष सुटले.

आता व्याकरण. ‘ही वॉज पनिश्ड टू स्टँड’ हे मराठी वळणाचं इंग्रजी आहे. ‘ही वॉज मेड टू स्टँड अ‍ॅज अ पनिशमेंट’ हे बरोबर. पनिशच्या पुढे अपराध येतो तो ‘फॉर’ घेऊन. फाइनला मध्ये काहीच लागत नाही. ‘दे फाइन्ड हिम फाइव्ह हंड्रेड रुपीज’ म्हणावं, ‘फाइन्ड टू हिम’ नको. आरोप ठेवताना ‘अक्यूज्ड ऑफ’ पण ‘चार्ज्ड विथ’. दोषी ठरला की ‘कन्व्हिक्टेड ऑफ’, आणि शिक्षा ठरली की ‘सेंटेन्स्ड टू’. आपल्याकडे सेशन्स कोर्ट पुष्कळदा एका दिवशी दोषी ठरवतं आणि शिक्षेवरचा युक्तिवाद ऐकून नंतरच्या तारखेला शिक्षा सुनावतं. तेव्हा पहिल्या दिवशीच्या बातमीत ‘सेंटेन्स्ड’ हा शब्द येताच कामा नये.