जुन्या फोर्ड 300 सिक्सचा दम वाढवायचाय? कार्ब्युरेटरला हात नंतर लावा

भाच्याने टेक्सासला 1978 ची फोर्ड एफ-150 पिकअप घेतलीय, सहा सिलिंडरवाली, 300 घनइंच म्हणजे 4.9 लिटर, आणि रोज रात्री मला कुर्ल्यात फोन करून विचारतो मामा मोठा कार्ब (हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर) टाकू का. अरे थांब जरा!

हे इंजिन मुळात खालच्या आरपीएमला ओढणारं, क्रँकला सात मेन बेअरिंग आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवायला टायमिंग चेनऐवजी गिअर, म्हणून तर इतकं टिकतं, त्याला रेसिंगवाला कॅम देऊन किंचाळायला लावलं तर आहे तो टॉर्कपण, म्हणजे ओढायची ताकद, जाईल. आधी सहाही सिलिंडरचं कम्प्रेशन (आतला दाब) चेक करा, एखादा जरी ढिला निघाला तर बाकीचा खर्च पाण्यात.

मग एक्झॉस्ट. 1987 ते 1996 च्या इंजेक्शनवाल्या 300 चे दोन तुकड्यांचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारे पाइप) स्क्रॅपयार्डात मिळतात, जुन्या हेडला बसतात, स्वस्तात सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो, फक्त पुढचा पाइप नवीन बनवावा लागतो. त्यानंतर चार बॅरलच्या (हवेच्या चार नळ्यांच्या) कार्बसाठीचा इनटेक, म्हणजे हवा-पेट्रोल आत नेणारा मॅनिफोल्ड, आणि 390 सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा घेणारा) कार्ब, त्याहून मोठा नको.

एक गोष्ट मात्र लोक विसरतात, मूळ इनटेक एक्झॉस्टला चिकटून गरम होतो, इनटेक आणि एक्झॉस्ट बदलले की ती गरमी गेली. आपल्या मुंबईत चालून जाईल, इथे थंडी कसली, पण तिकडे हिवाळ्यात कार्बमध्ये बर्फ धरतो आणि गाडी अडखळते, तेव्हा इनटेकखाली कूलंटचं गरम पाणी फिरवायची सोय कराच.

आणि कॅमचा गिअर फायबरचा असेल तर इंजिन उघडलंच आहे तोवर धातूचा टाका, थोडा आवाज करेल, करू दे.