ग्रुपवर कोणी 'नाद खुळा' टाकलं तर काय करायचं
कोल्हापूरकडच्या कोणी तुमच्या फोटोखाली 'नाद खुळा' किंवा 'जाळ अन् धूर संगटच' टाकलं तर भांडायला जाऊ नका, कौतुक आहे ते, बिनधास्त थँक्यू म्हणा. 'वाढीव'चं जरा बघून, मित्राने म्हटलं तर भारी, काकूंनी म्हटलं तर आगाऊ. कवटीचा इमोजी म्हणजे पोरं हसून मेलीयेत, त्यावर 'कोण गेलं?' विचारू नका. आणि मॅच हरल्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकायची खाज आलीच तर आधी वर स्क्रोल करा, खरंच कोणाकडे काही झालं नाहीये ना बघा, नाहीतर तुमचा जोक नेमका त्या बातमीखाली जाऊन बसतो. अर्थ कळत नसेल तर पर्सनलवर विचारा, ग्रुपवर विचारलंत तर दोन दिवस तुमचीच खेचतील.